कोळ्याचें नवें बिऱ्हाड

आपल्या पूर्वजांनीं कोळ्याकडे फार लक्षपूर्वक पाहिलेलें दिसतें. संस्कृतांत त्यास ऊर्णनाभ, तंतुवाय, लूता, मर्कटक अशीं अनेक नांवें आहेत. ज्याच्या नाभींतून जणूं लोंकरीचा धागा निघतो तो ऊर्णनाभ. विणकराप्रमाणें तंतु विणतो म्हणून तंतुवाय. अक्षर ब्रह्मापासून हें विश्व कसें उत्पन्न होतें हें सांगतांना मुंडकोपनिषदानें जो दृष्टांत घेतला तो धागा बाहेर सोडणाऱ्या व पुन्हां आंत घेणाऱ्या कोळ्याचाच. कांहीं कोळी आपलें जुनें जाळें खाऊन टाकतात व नवें विणतात, हें आधुनिक शास्त्रानेंहि पाहिलें आहे. तेव्हां हा दृष्टांत केवळ कल्पनेचा नव्हे. उलटपक्षीं सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत लूतांचे सोळा प्रकार सांगितले असून त्यांपैकीं आठ कष्टसाध्य व आठ असाध्य मानिले आहेत. एकाच प्राण्याविषयीं एका ग्रंथांत कौतुक आणि दुसऱ्यांत भय, हा प्रकार आजहि आपल्या घरोघर चालू आहे.

या विषयाचें निमित्त सांगलीहून आलेलें एका भगिनींचें पत्र हें होय. त्यांच्या चिरंजीवानें पुण्याच्या एका मित्राकडून टॅरॅन्टुला जातीच्या कोळ्याचें पिलूं आणिलें आहे. पाय पसरले असतां तें इंचभर भरतें. मूळ जात मेक्सिको देशांतील, गुडघ्यांवर तांबूस-नारिंगी पट्टे असलेली. आणिल्यापासून आठ दिवस झाले, तरी पिलूं एका कोपऱ्यांत अंग चोरून बसलें आहे, कांहीं खात नाहीं. मुलगा चिंतेनें दिवसांतून वीस वेळां डबा उघडतो आणि काडीनें त्यास हालवून पाहतो. सासूबाईंचें म्हणणें, असली अवदसा घरांत नको, नदीवर नेऊन सोडा. थोरले दीर म्हणतात, ज्याची त्यास परत करा. मुलगा रडवेला झाला आहे, आणि भगिनी विचारतात कीं कोणाचें ऐकावें? प्रश्न लहान दिसतो, परंतु एका मुक्या जिवाचें मरण-जगणें आणि एका मुलाचें मन या दोन्ही गोष्टी त्यांत गुंतलेल्या आहेत. म्हणून थोड्या विस्तारानें लिहितों.

प्रथम सासूबाईंच्या भीतीचा विचार करूं, कारण ती अनाठायीं म्हणून उडवून लावण्याजोगी नाहीं. टॅरॅन्टुला हें नांव इटलींतील टारांटो या शहरावरून पडलें. तेथें या नांवाचा जो कोळी होता तो वास्तविक निराळ्या कुळांतला. त्याच्या दंशावर नाचणें हाच उपाय अशी तेथील समजूत होती, व त्यावरून एका नृत्यासहि नांव मिळालें. पुढें दर्यावर्दी लोकांनीं अमेरिकेंत मोठे केंसाळ कोळी पाहिले आणि तेंच नांव त्यांस चिकटविलें. या कुळाचे स्थूल मानानें दोन वर्ग करतां येतात. अमेरिका खंडांतील पुष्कळ जाती संकटांत सांपडल्या म्हणजे मागील पायांनीं पोटावरचे बारीक केंस झाडून हवेंत उडवितात. हे केंस कातडीस लागले तर खाज सुटते, व डोळ्यांत गेले तर फार त्रास होतो. आशिया व आफ्रिका खंडांतील जातींना हे केंस नाहींत. त्यांचें शस्त्र म्हणजे विष, व तें अधिक तीव्र असतें. आपल्या देशांत झाडांच्या ढोलींत राहणाऱ्या एका जातीचा दंश झाला असतां स्नायूंत असह्य पेटके येतात आणि ते कित्येक दिवस टिकतात. तथापि टॅरॅन्टुलाच्या दंशानें मनुष्य दगावल्याची खात्रीलायक नोंद आढळत नाहीं. मेक्सिकोची ही तांबड्या गुडघ्यांची जात तर त्यांतल्या त्यांत शांत समजली जाते. तेव्हां झांकण घट्ट असावें, डबा लहान मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा उंचीवर असावा, कोणीहि डबा तोंडाजवळ नेऊं नये आणि हाताळल्यावर हात धुवावे, एवढे नियम पाळले म्हणजे घरास भय नाहीं. डोळ्यांत केंस गेल्यास मात्र घरगुती उपाय न करितां डॉक्टरांकडे जावें.

आतां पिलाच्या भीतीचा विचार करूं. त्यास डोळे आठ असले तरी दृष्टि फारच अधू असते. त्याचें जग हें कंपनांचें जग आहे. पायांवरील सूक्ष्म केंसांच्या योगानें त्यास हवेची झुळूक व जमिनीचा थरकांप कळतो, आणि भक्ष्य कोणतें व शत्रु कोणता हें तें त्यावरूनच ओळखतें. आपण टेबलावर डबा आपटून ठेवितों तेव्हां आपल्याला एक टक असा आवाज ऐकूं येतो. पिलास तो भूकंप वाटतो. झांकण उघडलें कीं वरून वारा येतो, आणि वरून येणारी हालचाल म्हणजे पक्षी किंवा सरडा, असें त्याच्या जातीनें लक्षावधि वर्षें मानिलें आहे. अशा स्थितींत दिवसांतून वीस वेळां झांकण उघडणें म्हणजे वीस वेळां घरावर दरवडा घालण्यासारखें आहे.

शिवाय त्याचें घर गेलें आहे, हें ध्यानांत घ्यावें. जमिनीवर राहणाऱ्या टॅरॅन्टुलाचें बीळ हा केवळ लपण्याचा खळगा नसतो. सांगलीजवळच्या हरिपूरचीं हळदीचीं पेवें आमच्या वाचकांस ठाऊक आहेत. २००५ च्या महापुरांत त्यांपैकीं पुष्कळ निकामी झालीं, तरी त्यांची युक्ति लोकांच्या स्मरणांत आहे. वर ऊन तापो कीं पाऊस पडो, जमिनीच्या पोटांतील उष्णता व ओल फारशी बदलत नाहीं. म्हणूनच त्या पेवांत हळद वर्षानुवर्षें टिके. कोळ्याचें बीळ हें त्याचें पेवच होय. त्यास तें आंतून रेशमाचें अस्तर लाविते वेळीं कांहीं धागे तोंडाशीं पसरून ठेवितें, आणि त्या धाग्यांवर कोणाचा पाय पडला कीं आंत बसल्या जागीं त्यास वर्दी मिळते. असें घर, भांडार व पहारा एकदम नाहींसा झाला आणि पिलूं उजेडांत, कांचेसारख्या गुळगुळीत भिंतींच्या मध्यें येऊन पडलें, तर तें अंग चोरून बसणारच. हा आजार नव्हे. नवें बिऱ्हाड मांडण्यापूर्वींचा तो घाबरेपणा आहे.

म्हणून पहिलें कर्तव्य घर नीट करून देण्याचें. इंचभर पिलास मोठी पेटी देऊं नये. मोठ्या जागेंत त्यास भक्ष्य सांपडत नाहीं, व आपल्यालाहि पिलूं दिसत नाहीं. स्वयंपाकघरांतील पारदर्शक प्लॅस्टिकचा लहानसा डबा, चार-पांच इंच रुंदीचा, पुष्कळ झाला. त्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंस तापलेल्या सुईनें बारीक छिद्रें पाडावीं, म्हणजे वारा आरपार खेळतो. छिद्र पिलाच्या अंगाच्या पुढील भागाहून लहान असावें, कारण तो भाग जेथून जातो तेथून सारें अंग जातें. झांकणास तारेची जाळी लावूं नये. तींत नखें अडकून पाय तुटतात.

डब्यांत नारळाच्या काथ्याचा भुसा घालावा. रोपवाटिकेंत तो मिळतो. खत मिसळलेला मात्र घेऊं नये. भुसा भिजवून मुठींत घट्ट पिळावा, आणि पाण्याचा थेंब गळेनासा झाला म्हणजे डब्यांत दाबून भरावा. थर तीन इंचांपर्यंत असावा, आणि भुशापासून झांकणापर्यंत पिलाच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून अधिक उंची राहूं नये. याचें कारण असें कीं हे प्राणी भिंतीवर चढतात व पडतात, आणि त्यांचें पोट पातळ कातडीच्या पिशवीसारखें असतें. आपल्याला वीतभर वाटणाऱ्या उंचीवरून पडूनहि तें फुटूं शकतें, आणि मग उपाय चालत नाहीं. एका बाजूस झाडाच्या सालीचा तुकडा तिरपा रोवावा व त्याच्या खालीं करंगळीनें एक लहानसा खळगा करून ठेवावा. पुढचें खोदकाम पिलूं स्वतः करील. पाण्यासाठीं बाटलीचें उथळ बूच ठेवावें. त्यांत कापूस किंवा स्पंज घालूं नये, ते कुजतात. भुशाचा एक कोपरा आठवड्यांतून एकदां थेंबाथेंबानें ओलावावा आणि बाकीचा कोरडा राहूं द्यावा, म्हणजे ओल हवी कीं नको हें पिलूं स्वतःच ठरवितें.

डबा ठेवावा कोठें? सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत हवेचें मान सारखें नाहीं. महाबळेश्वरीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तर जत-आटपाडीकडे आभाळाकडे डोळे लावून बसावें लागतें. सांगलीस वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. साताऱ्यास पौषांत पहांटे चांगलेंच कडाक्याचें असतें. परंतु जुन्या वाड्यांतील माजघर बाराहि महिने बेताचें असतें, आणि मनुष्यास जें सुखकर तें या पिलासहि बहुधा मानवतें. बावीस ते तीस अंशांपर्यंतची उष्णता त्यास पुरेशी आहे. दिवा लावून ऊब देण्याची गरज नाहीं. खिडकीच्या उन्हांत डबा ठेवल्यास मात्र तासाभरांत आंतील प्राणी भाजून निघतो. मिक्सर, शिवणयंत्र, दूरचित्रवाणी व दणदण आपटणारें दार यांपासून जागा दूर असावी. देवघर व स्वयंपाकघर हींहि टाळावीं. सोंवळ्यासाठीं नव्हे, तर धूप, कापूर, उदबत्ती व फोडणीचा धूर यांसाठीं. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं डांस व झुरळें मारण्याचीं फवारणीचीं औषधें, जळत्या वड्या किंवा विषारी खडू यांपैकीं कांहींहि त्या खोलींत वापरूं नये. जें औषध सहा पायांच्या जिवास मारतें तें आठ पायांच्या जिवासहि सोडीत नाहीं. घरांतील सर्व मंडळींस हें आधींच सांगून ठेवावें, कारण एकत्र कुटुंबांत फवारा कोण केव्हां मारील याचा नेम नसतो.

घर लागल्यावर पुढील कृत्य अत्यंत सोपें व अत्यंत कठीण आहे. तें म्हणजे कांहीं न करणें. पिलूं डब्यांत सोडून झांकण लावावें व आठ दिवस त्यास तसेंच राहूं द्यावें. बुचांत पाणी घालण्यापुरतें झांकण उघडावें, तेवढेंच. दिवसां दूर उभें राहून पाहण्यास हरकत नाहीं. रात्रीं मंद उजेडांत पाहिल्यास अधिक दिसतें, कारण त्याचे व्यवहार रात्रींचे आहेत. प्रथम तें भिंतींवरून फिरेल, मग एका कोपऱ्यांत बसेल. एके दिवशीं सकाळीं सालीजवळ भुशाचे बारीक गोळे बाहेर पडलेले दिसतील, आणि भुशावर धुक्यासारखा रेशमाचा पातळ पदर आढळेल. हा पदर दिसला म्हणजे पिलानें घर मानिलें असें समजावें. कधीं कधीं तें बिळाचें तोंडच लिंपून घेतें व आठवडेच्या आठवडे दिसत नाहीं. अशा वेळीं उकरून पाहण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो आवरावा, लिंपलेलें दार हें त्याचें उत्तर आहे.

आहाराविषयीं लिहितांना एक अवघड गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. हा प्राणी दूधभात खात नाहीं. त्यास किडे लागतात. ज्या घरांत मुंगीस साखर घालण्याची चाल आहे त्या घरीं रातकिडा धरून कोळ्यापुढें टाकणें हें कित्येकांस रुचणार नाहीं, आणि त्यांचें तें न रुचणें आदरणीय आहे. सृष्टींत एक जीव दुसऱ्यावर जगतो हें खरें. परंतु रानांत तें आपल्या हातून होत नाहीं, आणि डब्यांत तें आपल्या हातून होतें. म्हणून प्राणी आणण्यापूर्वींच घरांतील वडील माणसांशीं या गोष्टीचा मोकळेपणानें विचार व्हावयास हवा. घरास तें सोसणार नसेल तर असा प्राणी पाळूं नये. पाळून उपाशी ठेवणें ही त्याहून मोठी हिंसा होय.

ज्या घरास तें मान्य आहे त्यांनीं पहिलें भक्ष्य आठ दिवसांनंतर द्यावें. भक्ष्य पिलाच्या पोटाहून मोठें असूं नये. लहान रातकिडा किंवा कोंड्यांत वाढणारी अळी चालते. फार लहान पिलास तें मारून, तुकडा करून, बिळाच्या तोंडाशीं संध्याकाळीं ठेवावें. सकाळपर्यंत खाल्लें नाहीं तर काढून टाकावें, व पुन्हां पांच-सात दिवस थांबावें. पुढें आठवड्यांतून एक-दोन वेळां दिलें म्हणजे पुरे. अति खाऊं घातलेल्या पिलाचें पोट इतकें फुगतें कीं थोड्या उंचीवरून पडलें तरी इजा होते. किडे कोठून आणावेत याचीहि काळजी घ्यावी. तासगांव-मिरजेकडील द्राक्षांच्या मळ्यांतून धरलेला टोळ आणूं नये; द्राक्षांवर औषधाच्या फवारण्या वारंवार होतात, आणि तें विष टोळाबरोबर पिलाच्या पोटांत जातें. घरांतील झुरळाविषयींहि तेंच समजावें. कोंड्याच्या डब्यांत अळ्या वाढविणें हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे.

आतां उपवासाविषयीं. मनुष्याचें पोर एक दिवस जेवलें नाहीं तर घर काळजींत पडतें. तोच न्याय आपण नकळत कोळ्यास लावितों. परंतु हे प्राणी अत्यंत मंद गतीनें जगतात. आठवडेच नव्हे, तर मोठीं झाल्यावर कित्येक महिने अन्नावांचून सहज राहतात. पाण्यावांचून मात्र राहत नाहींत. त्यांच्या पायांची रचना मोठी मौजेची आहे. पाय दुमडण्यासाठीं स्नायु आहेत, परंतु मुख्य सांधे सरळ करण्याचें काम अंगांतील द्रवाच्या दाबानें होतें. अंगांतील पाणी आटलें कीं हा दाब नाहींसा होतो आणि आठहि पाय पोटाखालीं मुठीसारखे वळतात. म्हणून पिलूं पाय पसरून किंवा गुडघे वर करून बसलें असेल तर तें न खाल्ल्याची चिंता नको. पाय खालीं वळलेले दिसले तर मात्र त्याच क्षणीं डब्यांत ओल करावी व पिलाचें तोंड उथळ पाण्याच्या कांठाशीं येईल असें त्यास हलकेच ठेवावें. पिलूं वारंवार पाण्याच्या बुचावरच जाऊन बसत असेल तर हवा फार कोरडी आहे, आणि सतत भिंतींवर चढत असेल तर भुसा फार ओला आहे, असें बहुधा समजावें.

उपवासाचें दुसरें कारण कात टाकणें हें होय. कोळ्याचा सांगाडा बाहेर असतो. अंग वाढतें, सांगाडा वाढत नाहीं. म्हणून लहान पिलें दर एक-दोन महिन्यांनीं व मोठे कोळी वर्षां-दीडवर्षांनीं जुनें कवच टाकून देतात. त्यापूर्वीं कित्येक दिवस खाणें सुटतें, पोट काळपट व तकतकीत दिसूं लागतें. मग एके दिवशीं पिलूं रेशमाची शेज घालतें व तीवर उताणें पडतें. याच वेळीं अनेक हौशी लोक तें मेलें असें समजून त्यास उलटें करतात किंवा फेंकून देतात. मेलेला कोळी सहसा उताणा पडत नाहीं, तो पाय वळवून पालथा पडतो. उताणा पडलेला कोळी बहुधा नवा जन्म घेत असतो. या वेळीं त्यास स्पर्श करूं नये, डबा हालवूं नये, व आंत जिवंत किडा असेल तर तो आधींच काढलेला असावा, कारण मऊ पडलेल्या कोळ्यास रातकिडाहि कुरतडूं शकतो. कवचाबरोबर श्वसनाच्या पिशव्यांचें व जठराचें अस्तरहि बाहेर येतें. तुटलेला पाय असल्यास तो पुन्हां फुटतो. नव्या कोळ्याचे सुळे प्रथम पांढरे, मग तांबूस व अखेर काळे होतात. ते काळे झाल्यावांचून भक्ष्य देऊं नये.

मोबाइलवरील चित्रफितींत कोळी तळहातावर, खांद्यावर, क्वचित् तोंडावर घेतलेले तरुण दिसतात. कोळ्यास माणसाच्या हाताचें प्रेम नसतें. कुत्र्याप्रमाणें तो मालकास ओळखीत नाहीं. हातावर तो शांत बसला तर त्याचा अर्थ एवढाच कीं कोठें पळावें हें त्यास सुचलें नाहीं. जागा बदलणें भागच असेल तर पुढें एक पेला धरून मागून मऊ कुंचल्यानें हलकेच सरकवावें. बाकी या प्राण्यावर प्रेम करण्याचा एकच मार्ग आहे. तो म्हणजे दूर राहून पाहणें.

असो. आतां मुलानें आणि मुलाच्या घरानें दोघांनींहि विचार करण्याजोगी गोष्ट काळाची. या जातीचे नर थोडीं वर्षें जगतात, परंतु मादी वीस वर्षांहून अधिक जगते, आणि पिलूं नर कीं मादी हें लहानपणीं कळत नाहीं. ऑस्ट्रेलियांत बार्बरा यॉर्क मेन या विदुषींनीं कोळ्याच्या एका बिळास सोळा हा अनुक्रम दिला होता. टॅरॅन्टुलाच्या दूरच्या नात्यांतील ती मादी त्या एकाच बिळांत ४३ वर्षें जगली, व २०१६ सालीं ती नाहींशी झाल्याचें आढळलें. आज दहावींत असलेला मुलगा चार वर्षांनीं पुण्यास किंवा परदेशीं शिकावयास जाईल. तेव्हां बुचांत पाणी घालणार कोण? एकत्र कुटुंबांत मुलाची हौस बहुधा आईच्या किंवा आजीच्या गळ्यांत पडते. म्हणून ज्या सासूबाई आज विरोध करीत आहेत त्यांचें मत या बाबतींत सर्वांत आधीं विचारावयास हवें होतें. अजूनहि विचारावें, मुलानें स्वतः, डबा दुरून दाखवून, तो काय खातो व काय करितो हें सांगून विचारावें.

दुसरी गोष्ट कायद्याची. मेक्सिकोच्या या जातीचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टानें नियंत्रित आहे. भारत-श्रीलंकेंतील झाडांवर राहणाऱ्या पोसिलोथेरिया या गणाचाहि त्यांत २०१९ सालीं समावेश झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत २०२२ सालीं सुधारणा झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली, व २०२४ सालीं तिचे नियम निघाले. त्यांअन्वयें असा प्राणी बाळगणाऱ्यानें केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे त्याची नोंद करावयाची असते. प्राणी नव्यानें हातीं आल्यास तीस दिवसांच्या आंत. ही नुसती कागदपत्रांची कटकट नव्हे. २०२१ च्या जुलै महिन्यांत चेन्नईस सीमाशुल्क अधिकाऱ्यांनीं पोलंडहून आलेलें एक टपाली पार्सल उघडलें, तेव्हां रुपेरी कागदांत व कापसांत गुंडाळलेल्या लहान कुप्यांतून १०७ जिवंत कोळी निघाले; ते परत पाठविण्याचा निर्णय झाला. ज्या मित्रानें पिलूं दिलें त्यानें तें कोठून मिळविलें हें मुलानें विचारून घ्यावें, आणि वडिलांनीं वनखात्याच्या कचेरींत जाऊन सरळ सर्व सांगावें.

नदीवर नेऊन सोडण्याचा सल्ला मात्र कोणीहि ऐकूं नये. कृष्णेच्या कांठीं किंवा सागरेश्वराच्या रानांत सोडलेलें मेक्सिकोचें पिलूं बहुधा मरेल; न मेल्यास तें तेथील जिवांस परकें व उपद्रवी ठरेल. याच्या उलट, आपल्या डोंगरांतील कोळी उचलून घरीं आणणें हाहि तितकाच मोठा अपराध समजावा. सह्याद्रींत या कुळाच्या स्वतःच्या जाती आहेत. ब्रिटिश म्यूझियमचे पोकॉक यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मिलर्ड यांच्या नांवानें एका जातीचें वर्णन केलें; ग्रेव्हली या शास्त्रज्ञानें १९१५ सालीं त्याच गणांतील एका जातीस 'सातारेन्सिस' असें नांव दिलें. साताऱ्याचें नांव धारण करणारा कोळी शास्त्राच्या ग्रंथांत शंभर वर्षांहून अधिक काळ आहे, आणि साताऱ्यांतील किती शिकलेल्या घरांस हें ठाऊक असेल? अशा मादीचें बीळ उकरलें तर वर्षानुवर्षांचें एक घर मोडतें, आणि त्या उतारावर पुन्हां तशी मादी वाढण्यास फार काळ जातो. सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्यास नागपंचमीसाठीं जिवंत नाग धरून मडक्यांत ठेवण्याची चाल होती. अंधार, गारवा व शांतता मिळाली कीं धरलेला प्राणी स्वस्थ राहतो, हें ज्ञान त्या मडक्यांत होतें. परंतु श्रद्धा कितीहि खरी असली तरी रानचा प्राणी रानांत असावा, या विचारानें उच्च न्यायालयाच्या आदेशांनीं त्या चालीवर निर्बंध आले. जें नागास लागू तें कोळ्यासहि लागू आहे.

तेव्हां भगिनींस आमचें सांगणें असें कीं आज मुलाच्या हातांतील काडी काढून घ्यावी व तिच्या जागीं एक वही द्यावी. वहींत तारीख, हवेची उष्णता, पाणी बदललें कीं नाहीं, रेशीम दिसलें कीं नाहीं, किडा दिला तो घेतला कीं नाहीं, कात केव्हां पडली, एवढें रोज एका ओळींत लिहावें. पडलेली कात जपून कागदांत ठेवावी; ती मोठी झाली म्हणजे भिंगाखालीं पाहून तो नर कीं मादी हेंहि कळतें. महिनाभरांत वहीचीं पानें पाहून घरांतील वडील मंडळींनीं ठरवावें कीं हा मुलगा वीस वर्षांचें पालकत्व पेलील कीं नाहीं. पेलणार नाहीं असें दिसल्यास वनखात्याच्या सल्ल्यानें पिलास जाणत्या हातीं सोंपवावें, आणि त्यांतहि मुलास लाज वाटूं देऊं नये. तोंपर्यंत डबा माजघराच्या फडताळांत, उजेडापासून दूर, स्वस्थ असूं द्यावा.